परक्याचं नको

डीव्का होल्वेर्डाच्या घराच्या खिडक्या गावात सगळ्यात स्वच्छ असत. बायका हे तिच्या तोंडावर कबूल करत नसत, पण तिच्या दारावरून जाताना सायकलचा वेग कमी करून आत बघत, त्यातच काय ते आलं. दिवसा पडदे कायम उघडे. ज्याच्या घरात लपवण्यासारखं काही नाही त्याने पडदा ओढायचाच कशाला, असं तिचं म्हणणं. समुद्राच्या बांधाखालच्या त्या गावात बाकीचेही असंच म्हणत, पण डीव्का ते पाळत असे. त्यामुळे मार्चमध्ये एका सकाळी तिने भर दिवसा पडदे ओढून घेतले तेव्हा समोरच्या घरातल्या बाईंनी लगेच फोन उचलला आणि शहरात ग्रंथालयात काम करणाऱ्या डीव्काच्या मुलीला, रेन्स्काला, गाठलं.

"तुझी आई बरी आहे ना गं? नाही, मला चौकशा करायची सवय नाही. पण पडदे ओढलेत."

रेन्स्का संध्याकाळच्या बसने गावी आली. दार उघडलं तेव्हा आधी वास आला आणि मग आई दिसली. बाहेर समुद्राकडचा वारा सुटला होता, तरी मागची सगळी तावदानं उघडी होती. आईने स्वच्छ इस्त्रीचा एप्रन घातला होता आणि एका हाताने ती भिंत धरून उभी होती.

"कामाच्या दिवशी कशाला आलीस?"

"पडदे का ओढलेस?"

"ऊन येतं," आई म्हणाली. आभाळ तर सकाळपासून भरलेलं होतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. हिवाळ्यात छातीत कफ झाला होता, त्यावर डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं. कफ गेला आणि पोट सुटलं ते सुटलंच. आईने ते कुणाला सांगितलं नाही. गावचा डॉक्टर तरुण होता आणि त्याची आई चर्चच्या गायकवृंदात डीव्काच्याच शेजारी उभी राहून गात असे. ज्या बाईबरोबर रविवारी एकाच वहीतून स्तोत्र म्हणायचं, तिच्या मुलाला असलं काही सांगायचं? त्यापेक्षा डीव्काने चादरी धुतल्या. रोज धुतल्या, आणि त्या बाहेर दोरीवर न घालता माळ्यावर वाळवल्या.

रेन्स्काने तिला इस्पितळात नेलं, तिथे जंतू सापडला. चिवट जात होती. औषध दिलं की तो दबायचा, आई घरी यायची, दोन घास खायची, आणि औषध संपलं की पुन्हा तोच प्रकार. आई वाळत चालली. लग्नाची अंगठी बोटातून निसटायला लागली तेव्हा तिने ती काढून साखरेच्या डब्यात ठेवली. रेन्स्का दर शनिवारी यायची. हातमोजे घालून चादरी बदलायची, आईला आधार देऊन न्हाणीपर्यंत न्यायची. आपण हे सगळं नीट करतो आहोत असं तिला वाटत होतं. एकदा आई अंथरुणावरून शांतपणे म्हणाली, "तोंडाने श्वास घेतेस. लहानपणी तेतमावशीच्या गोठ्यात गेलीस की असंच करायचीस."

रेन्स्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी तिने मुद्दाम नाकाने श्वास घेतला, आणि आईने तेही पाहिलं असणार.

मे महिन्यात डॉक्टर पोस्टमा नावाच्या बाईंनी दोघींना समोर बसवलं. त्या उंच होत्या, केस बारीक कापलेले, आणि आडवळणाने बोलायची त्यांना सवय नव्हती.

"औषधांनी हे जायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या आतड्यातले चांगले जंतू औषधांनी मेलेत, म्हणून हा माजलाय. चांगले परत आणायला हवेत. एखाद्या निरोगी माणसाचा मल घेतात, मिठाच्या पाण्यात कालवतात, गाळतात आणि नाकातून नळी घालून आतड्यात सोडतात. ऐकायला कसंतरी वाटतं, पण गुण येतो. बहुतेकांना येतो."

आईने पर्स उघडली, रुमाल काढला, ओठ टिपले, रुमालाची घडी घालून पर्स बंद केली.

"रेन्स्का," ती म्हणाली, "माझा कोट दे."

घरी परतताना गाडीत ती एक शब्द बोलली नाही. कालवा ओलांडून गावचा मनोरा दिसायला लागला तेव्हा तिने फक्त, "नाकातून," एवढंच म्हटलं, आणि पुन्हा बाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तेतमावशी आली. ती आईची धाकटी बहीण, शेजारच्या गावात राहायची. नवरा गेला होता, गाई मुलाच्या हवाली केल्या होत्या, पण आवाज अजून गोठ्यातलाच होता. ती आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसली आणि रेन्स्काने सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "अगं डीव्का, गाय रवंथ करेनाशी झाली की बाबा काय करायचे? दुसऱ्या गाईच्या तोंडात हात घालून घास काढायचे आणि हिच्या घशात कोंबायचे. संध्याकाळी उभी राहायची ती."

"मी गाय आहे का?"

"गाय असतीस तर एव्हाना बरी झाली असतीस."

आईला हसू आलं, आणि हसल्यावर पोटात कळ आली. कळ ओसरेपर्यंत मावशीने तिचा हात धरला. मग आई छताकडे बघत म्हणाली, "परक्याचं नको. कुणाचं कोण जाणे, कुठे काय खातो, कसा राहतो. घरचं असेल तर बघू."

"माझं घेतेस?" मावशीने विचारलं.

"तुझं? तू तव्यावरची चरबी पावाला लावून खातेस, मी बघितलंय."

मावशीने रेन्स्काकडे पाहिलं. आईने पाहिलं नाही. खोलीत उरलं तरी कोण होतं?

"मी देईन," रेन्स्का म्हणाली. तिचे कान तापले. हे वाक्य आयुष्यात कधी बोलावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

"तिचं चालेल," आई छतालाच म्हणाली. "तिला मीच धुतलंय, मीच खाऊ घातलंय. माझंच आहे ते."

तपासण्या झाल्या. रक्त देणं सोपं होतं. दुसरी तपासणी रेन्स्काला झाकणाच्या डब्यातून न्यावी लागली, आणि तो डबा तिने ग्रंथालयाच्या कापडी पिशवीत, दोन जाड कादंबऱ्यांच्या मध्ये ठेवून नेला. बसमध्ये शेजारच्या बाईंनी विचारलं, काही चांगलं वाचायला नेतेस का? रेन्स्का हो म्हणाली.

इस्पितळातून फोन आला तेव्हा ती चरित्रांच्या कपाटाशी होती. नर्सचा आवाज मोकळा, आनंदी होता. "तुमचं नाही चालणार बरं का. एक बारीकसा परजीवी निघालाय. तुम्हाला काही त्रास होतो? नाही ना, मग विसरून जा. कितीतरी लोकांच्या पोटात असतो, त्यांना पत्ताही नसतो. दाता म्हणून तेवढं चालत नाही. काळजी करू नका, आमच्याकडे दुसरे दाते आहेत, तपासलेले. तुमच्या आईची तारीख ठरलेलीच राहील."

"कुठून येतो तो?" रेन्स्काने कुजबुजत विचारलं.

"कुठूनही. लहानपणीच आलेला असेल, कोण सांगणार?"

रेन्स्काने फोन ठेवला आणि कपाटाच्या आड थोडा वेळ उभी राहिली. ती चाळिशी ओलांडलेली, शिकलेली बाई होती. परजीवी म्हणजे काही पाप नव्हे, हे तिला कळत होतं. तरी शाळेत कुणीतरी आपल्या डोक्यात ऊ दाखवावी तसं तिला झालं होतं.

आईला सांगायचं ठरवूनच ती शनिवारी गावी गेली. आई अंघोळ करून पलंगाच्या कडेला बसली होती. रात्रीचा नवा झुळझुळीत झगा घडी घालून बॅगेत भरलेला होता, वर साबण, कंगवा, बायबल. चेहऱ्याची नुसती हाडं राहिली होती, पण केस विंचरलेले.

"तेतला सांगितलं मी," आई म्हणाली. "घरचं आहे म्हणून जाते, नाहीतर नसते गेले. इथेच पडून राहिले असते."

"हं," रेन्स्का म्हणाली, आणि बॅगेचा पट्टा ओढून बसवला.

इस्पितळात आधी आईचं पोट धुऊन काढलं. मग नाकातून नळी घातली. डॉक्टर पोस्टमा आल्या, मागून नर्सने ट्रे आणला, त्यावर कापड झाकलेलं होतं. कापडाखाली जाड सिरिंजा होत्या हे सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टर पलंगाशी वाकून म्हणाल्या, "दाता निरोगी आहे, सगळ्या तपासण्या झालेल्या आहेत, आणि..."

आईने हात वर केला. "माहीत आहे मला. पुढचं नको, डॉक्टर."

डॉक्टरांनी रेन्स्काकडे पाहिलं. मुलीने आईला सगळं सांगितलेलं आहे असाच त्यांचा समज झाला असणार. रेन्स्का खिडकीबाहेर बघत होती. खाली सायकलींच्या रांगा होत्या.

नर्सने सावकाश दाबायला सुरुवात केली. आईने डोळे मिटले आणि चादरीवरून हात पुढे केला. रेन्स्काने तो धरला. आपण आईचा हात शेवटचा कधी धरला होता ते तिला आठवेना. या घरात माणसं एकमेकांना हात लावत नसत, वाढदिवसाला गालाला गाल टेकवला की झालं.

"काही वाटतसुद्धा नाही," आई नळीमुळे घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग डोळे उघडून तिने सरळ रेन्स्काकडे पाहिलं. "तुझंच ना?"

रेन्स्काने होकारार्थी मान हलवली.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयात फोन आला. आई कधीच कामाच्या वेळी फोन करत नसे.

"रेन्स्का," आई म्हणाली, "घट्ट." आणि फोन ठेवला.

पडदे उघडले. जूनच्या शेवटी आई शिडीवर चढून बाहेरून खिडक्या धूत होती, आणि समोरच्या बाई आपल्या खिडकीतून ते बघत होत्या. वडील गेल्यापासून आई घरातला जुना संडास काढून टाकायचं म्हणत होती. त्यात खालच्या पाण्याऐवजी एक सपाट पायरी होती, केलेलं सगळं डोळ्यांसमोर पडून राहायचं आणि मगच साखळी ओढायची. आता तिने नवा बसवायचा बेत रद्द केला. "बघितलेलं बरं असतं," ती म्हणाली. जी बाई असला शब्दसुद्धा उच्चारत नसे, ती आता बोलायला लागली होती. चर्चनंतर कॉफी पिताना बायकांना सांगायची, अगदी गायकवृंदातल्या त्या डॉक्टरच्या आईलाही सांगितलं. काय झालं होतं, काय घातलं, कुठून घातलं. आणि शेवटी नेहमी, "माझ्या मुलीचं."

मुलीचं म्हणून तिला काय काय जाणवायला लागलं. तिला कडू कॉफी आवडेनाशी झाली होती, ती पुन्हा आवडू लागली, कारण रेन्स्का कडू पिते. कधी चर्चच्या पत्रकापलीकडे न वाचणारी आई एका शनिवारी म्हणाली, "येताना एखादी कादंबरी आण. फार जाड नको. अलीकडे मला वाचावंसं वाटतं. आतूनच वाटतं."

रेन्स्काने कादंबरी आणली. आईने ती वाचली आणि तिच्याशी त्यावर वाद घातला, नायिका आळशी आहे म्हणाली. त्या उन्हाळ्यात दोघी मागच्या अंगणात बाकावर बसायच्या आणि बोलायच्या. रेन्स्काने इतकी वर्षं पुस्तकांत जे वाचलं होतं, आयांचं आणि लेकींचं, ते तिच्या वाट्याला असं आलं. चोरीच्या मालावर संसार थाटल्यासारखं वाटायचं तिला. दर शनिवारी बसमध्ये ती सांगायचं ठरवायची. पण बाकावर आई सरकून तिला जागा करून द्यायची, आणि रेन्स्का बसायची.

ऑक्टोबरमध्ये तेतमावशीची दाढ सुजली. अँटिबायोटिक घेतलं, सूज गेली, आणि पोट सुटलं. तपासलं तर तोच जंतू. तिच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, आधी औषध, तेवढ्याने भागलं तर पुढचं काही नको. मावशीला ते पटलं नाही.

"गोळ्यांनी तुझ्या आईचं काय भलं झालं?" ती फोनवर म्हणाली. "मला सरळ औषध हवंय. ते तर आपल्या घरात आहे."

रेन्स्काने तेव्हाच बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "डॉक्टरांचं ऐक, मावशी," आणि विषय संपला असं तिने धरून चाललं.

नोव्हेंबरमध्ये आईचा वाढदिवस आला. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून खुर्च्यांचं गोल कडं मांडलं. येणारा प्रत्येक जण रीतीप्रमाणे सगळ्या कड्याशी हात मिळवत फिरत होता, बहिणीला बहिणीबद्दल अभिनंदन, शेजारणीला शेजारणीबद्दल अभिनंदन. रेन्स्कापाशी आले की म्हणत, "आईबद्दल अभिनंदन." या वर्षी त्यात जरा जास्त दाब होता. वडिलांचा एक म्हातारा चुलतभाऊ हात न सोडता म्हणाला, "तुझं तर दुप्पट अभिनंदन, पोरी. आतून आणि बाहेरून." कडं खदखदून हसलं. आईसुद्धा हसली, मान ताठ करून. रेन्स्काच्या हातात नारिंगी केकच्या ताटल्या होत्या, त्या वाटत ती पुढे सरकली. तेतमावशी खिडकीशी बसली होती, उतरलेली, गालाची कातडी सैल झालेली. केकला ती शिवली नाही. रेन्स्काकडे बघून तिने डोळा मिचकावला.

तेवढ्यात आईने तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

ओट्यावर इस्त्री केलेलं पुसणं झाकलेलं होतं. आईने ते उचललं. खाली नवा कोरा मिक्सर होता, भांड्यावर अजून कारखान्याचं प्लास्टिक. शेजारी बारीक जाळीची गाळणी, मिठाची बाटली, आणि एनिमाची रबरी पिशवी.

"नाकातून घरी जमायचं नाही," आई म्हणाली. "खालून देऊ. तेतच्या गल्लीतली बाई पूर्वी नर्स होती, ती येईल उद्या. तू मुक्कामालाच आहेस. सकाळी तुझं झालं की मी बघते पुढचं. मिक्सर नंतर टाकून देऊ, जेवणाला वापरायचा नाही, तेवढं मला कळतं."

बाहेर कुणीतरी पुन्हा हसलं.

"आई, हे नाही करता येणार."

"लाज वाटते? मलाही वाटायची. जाते."

"माझं चालत नाही. माझ्यात एक परजीवी निघाला होता. मावशीला आणखी काहीतरी होऊन बसेल."

"कधी निघाला?"

"वसंतात. तुझ्या आधी."

आईने पुसण्याची घडी घालायला घेतली. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मग माझ्यात कुणाचं आहे?"

"माहीत नाही. तिथल्या कुठल्यातरी दात्याचं. ते सांगत नाहीत."

"बाईचं की पुरुषाचं?"

"माहीत नाही गं."

आई स्टुलावर बसली. तिचा हात सवयीने पोटावर गेला होता. चर्चच्या खुंटीवर चुकून दुसऱ्याच्या कोटाला हात लागावा तसा तिने तो उचलून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"मी तुला विचारलं होतं. हात धरून विचारलं होतं."

"हो."

"आणि तू मान हलवलीस."

"तू नाही म्हणाली असतीस. मेली असतीस तू."

"ते माझं मी बघितलं असतं," आई म्हणाली. आवाज चढला नाही. मग तिने विचारलं, "हा जो परजीवी, कुठून आला तुला?"

"कुणास ठाऊक. नर्स म्हणाली, लहानपणापासूनही असेल."

आईने स्वयंपाकघराकडे नजर टाकली. चकचकीत नळ, रांगेने टांगलेले डाव, दोनदा धुतलेली फरशी.

"म्हणजे याच घरातून," ती म्हणाली.

तसं नसतं, असं रेन्स्काने म्हणायला हवं होतं, पण तोवर आई उठली होती. तिने मिक्सरवर पुसणं झाकलं, कडा सरळ केल्या, आरशात न बघता केस चापले आणि दार उघडलं. रेन्स्का उरलेली ताटली उचलून तिच्या मागे गेली, कारण रिकाम्या हाताने त्या खोलीत जायचा धीर तिला नव्हता.

"तेत," आई कड्याच्या मध्यावर उभी राहून म्हणाली, "ते उद्याचं राहू दे. मी विचार बदललाय."

मावशी आधी हसली. "काय झालं? मिक्सर बिघडला?"

"रेन्स्काचं मी कुणाला देणार नाही. ते माझ्यापुरतं."

"तुझ्यापुरतं?" मावशीने सगळ्यांकडे बघत विचारलं, जणू कुणी गंमत समजावून सांगेल. "अगं, ती रोज नवं करते. तुझं काय संपणार आहे?"

दोघा-तिघांनी हसायला तोंड उघडलं आणि आईचा चेहरा बघून मिटलं.

"नाही म्हणजे नाही."

"मी इथे रिकामी होत चाललेय, डीव्का."

"डॉक्टरांच्या गोळ्या घे."

मावशी उठली. तिला उठायला खुर्चीचा हात धरावा लागला. "बाबांच्या घराची वाटणी झाली तेव्हा मी ब्र काढला नाही," ती म्हणाली. "घाणीचीसुद्धा वाटणी होऊ देणार नाहीस, हे मात्र मला माहीत नव्हतं."

"तसं म्हण हवं तर."

रेन्स्का दारात उभी होती. एक वाक्य पुरलं असतं. तिने ते मनात जुळवलंही. मग तिला ते खुर्च्यांच्या त्या कड्यात ऐकू आलं, म्हातारा चुलतभाऊ, समोरच्या बाई, डॉक्टरची आई, सगळ्यांच्या कानांनी, आणि तिने हातातली ताटली नुसती सरळ धरली. मावशी तिच्या बाजूने निघून गेली. अंगावर कोट चढवल्याचा आवाज आला, मग बाहेरचं दार.

रात्री भांडी पुसताना रेन्स्का म्हणाली, "मी उद्या मावशीकडे जाऊन सांगते."

"खबरदार," आई म्हणाली. "गावभर होईल. होल्वेर्डाच्या घरात किडे होते म्हणून. तू शहरात जाशील निघून. मला इथे खिडक्या उघड्या ठेवून राहायचंय."

पुढच्या शनिवारी कादंबरी परत करायला टेबलावर काढून ठेवलेली होती. खूण निम्म्यावर होती. आई वाईट वागली नाही. कॉफी केली, रस्त्यावरच्या बर्फाची चौकशी केली. अंगणातल्या बाकावर बसायचे दिवस तसेही संपले होते.

तेतमावशी गोळ्यांनी बरी झाली, पण तिचा सगळा हिवाळा त्यात गेला. बहिणींमध्ये फोन झाला नाही. नाताळाला कार्ड आलं नाही, गेलं नाही. फेब्रुवारीत एका सकाळी समोरच्या बाईंच्या लक्षात आलं की डीव्काचे रात्री ओढलेले पडदे अजून उघडलेले नाहीत. हृदय थांबलं होतं, झोपेतच. डॉक्टर म्हणाला, पोटाचा याच्याशी काही संबंध नाही. रेन्स्काने विचारलं नव्हतं तरी त्याने ते सांगितलं.

दफनानंतर चर्चच्या मागच्या खोलीत कॉफी होती. लांब टेबलं, पांढरा कागद, प्रत्येकाला केकचा एक काप. प्रार्थनेला मावशी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली होती, इथेही ती उशिरा आत आली. तिने रेन्स्काचा हात हातात घेतला आणि रीतीचं वाक्य म्हटलं. मग हात सोडता सोडता म्हणाली, "शेवटपर्यंत मुठीत धरून बसली, बिचारी. जाऊ दे. मेलेल्या माणसावर राग धरायचा नसतो."

ती माफ करत होती, हे रेन्स्काला कळलं. आईने न केलेल्या गोष्टीबद्दल आईला माफ करून ती घरी जाणार होती आणि मग ते कायमचं तसंच राहणार होतं.

"मावशी," रेन्स्का म्हणाली, "आईने मूठ धरली नव्हती. माझ्या पोटात परजीवी होता. माझं तिला दिलंच नव्हतं. तिच्यात परक्याचं होतं, आणि तिला वाटत होतं माझं आहे. मीच तसं वाटू दिलं. वाढदिवसाच्या दिवशी स्वयंपाकघरात तिला कळलं."

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. समोरच्या बाई कपात बघू लागल्या. रेन्स्काचा चेहरा भाजत होता, पण आता आवाज खाली आणण्यात अर्थ नव्हता.

मावशी खुर्चीवर बसली. साखर न घातलेली कॉफी तिने बराच वेळ ढवळली.

"म्हणजे तिने तुला झाकलं."

"हो."

"तुला नाही," मावशी म्हणाली. "फरशीला झाकलं. मी ओळखते तिला." मग चमचा बशीत ठेवून ती म्हणाली, "मी कितीदा फोन हातात घेतला. म्हटलं, तिने करावा. मोठी ती आहे."

रेन्स्काने पांढऱ्या कागदावरचा केकचा चुरा तळहाताने गोळा केला.

"तू तिथे उभी होतीस. दारात. तुझ्या हातात केक होता."

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"नाही."

"ती जिवंत असतानाचे तीन महिने होते माझ्याकडे," मावशी म्हणाली. तिचा गोठ्यातला आवाज राहिला नव्हता. "आज तुझी आई गेलीय, म्हणून मी काही बोलत नाही."

ती उठून भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली, एकटी, कोट मांडीवर घेऊन. रेन्स्का तिच्या मागे जाऊ शकली असती, पण घरची म्हणून आता तीच एकटी उरली होती आणि लोकांचे कप रिकामे झाले होते. तिने कॉफीची किटली उचलली आणि पहिल्या टेबलापासून सुरुवात केली. माणसं कप पुढे करत होती, तिच्याकडे न बघता आभार मानत होती. टेबलं संपली. मग ती भिंतीपाशी गेली. तेतमावशीने वर पाहिलं नाही. थोडं थांबून तिने कप पुढे धरला, आणि तो अर्धा भरल्यावर म्हणाली, "पुरे."